जूनची एकतीस तारीख

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी माझ्या प्रोजेक्टचा विषय होता पावसाचे खंड. आमच्या तालुक्याच्या ४० वर्षांच्या रोजच्या नोंदी मी फोरट्रानच्या अ‍ॅरेमध्ये भरल्या. प्रत्येक वर्षाला चार ओळी, जून ते सप्टेंबर. प्रत्येक ओळीत ३१ घरं. जून आणि सप्टेंबरला तीसच दिवस. उरलेल्या घरात शून्य टाकून मी मोकळा झालो.

सुट्टीत छापील कागद घरी नेले. अब्बा शेतकरी, शाळा सातवीपर्यंत. कागद उलटता उलटता एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “बेटा, जूनला एकतीस तारीख कधीपासून आली?”

मी हसलो. पण रात्री झोप लागली नाही. पावसाच्या नोंदीत शून्याचा अर्थ ‘पाऊस पडला नाही’ असा होतो. माझ्या प्रोग्रामने नसलेले दिवस कोरडे म्हणून मोजले होते. वर्षाला २, म्हणजे ४० वर्षांत ८०. जूनअखेरचा खंड जुलैत गेला की तो एका दिवसाने लांबत होता. तापमान असतं तर शून्य अंश लगेच डोळ्यांत खुपलं असतं. पावसात शून्य खरंच वाटतं. आणि अशाच आकड्यांवरून कधी पेरायचं, काय पेरायचं, याचे सल्ले दिले जातात.

सगळं पुन्हा लिहायला घेतलं. मेमरीत मुळात ओळी-रकाने नसतातच, सगळे आकडे एकाच रांगेत बसतात. सी भाषा ते ओळीमागून ओळ मांडते, फोरट्रान रकान्यामागून रकाना. १२ आकड्यांची फाइल ३ बाय ४, ४ बाय ३, कशीही वाचा. संगणक तक्रार करत नाही. म्हणून आकार फाइलमध्येच लिहून ठेवावा लागतो.

मी वर्षाचे १२२ दिवस सलग ठेवले. त्यांच्या आधी महिन्यांची लांबी लिहिली: ३०, ३१, ३१, ३०. त्यांच्या बेरजेवरून कोणता महिना कुठे सुरू होतो ते कळतं: ०, ३०, ६१, ९२. वाचताना आधी लांबी वाचायची, तेवढीच जागा मागायची (फोरट्रान ९० पासून ही सोय आहे) आणि मग आकडे घ्यायचे. ज्या दिवसाची नोंदच नव्हती तिथे उणे ९९९ टाकलं आणि हिशेबातून ते वगळलं.

पुढे पायथन शिकलो. नम्पायच्या फाइलमध्ये अ‍ॅरेचा आकार आणि मांडणीचा क्रम सुरुवातीलाच लिहिलेला असतो. हवामानाच्या नेटसीडीएफ फाइलमध्ये रिकाम्या जागेसाठी वेगळी खूण ठरवलेली असते. म्हणजे या दगडाला ठेच लागलेला मी एकटा नव्हतो.

आजही फाइल वाचून झाली की पहिल्या आणि शेवटच्या काही नोंदी मी मूळ वहीशी ताडून पाहतो. अब्बांनी त्या दिवशी तेवढंच केलं होतं.