रानकांद्याची ओळख

चैत्र सरत आला की जालन्याभोवतीच्या माळावर हिरवी काडी सापडणे कठीण. अशा वेळी मुरमातून एखादा पानांविना दांडा वर आलेला आणि त्यावर अंतराअंतराने फिकट, हिरवट-तपकिरी फुले लागलेली आपणांस दिसली, तर तो बहुधा रानकांदा असतो. कोणी त्यास कोलकांदाही म्हणतात. त्याच्याशी माझा खरा परिचय माळावर नव्हे, मस्तगड भागातील माझ्या दवाखान्यात झाला.

काही वर्षांपूर्वी वैशाखात 72 वर्षांचे एक निवृत्त गुरुजी मळमळीची तक्रार घेऊन आले. अन्नावरची वासना उडाली होती. हृदयाच्या दुर्बलतेसाठी त्यांना डिजॉक्सिनची गोळी चालू होती, हे मला ठाऊक होते. तरीही उन्हाळ्याचे पित्त समजून मी औषध दिले. नाडी पाहिली नाही. तिसऱ्या दिवशी सूनबाई त्यांना घेऊन आल्या. "डॉक्टरसाहेब, बाबांना सगळं पिवळट दिसतंय म्हणतात." नाडी मोजली, 44 भरली, तीही अडखळत.

घरचे काही औषध देता का, असे विचारले तेव्हा उलगडा झाला. खोकल्यासाठी मामांनी बांधावरचा कांदा आणून दिला होता. त्याचा रस मधातून चालला होता. "कांदाच तो, म्हणून सांगितलं नाही."

गुरुजींना तातडीने रुग्णालयात पाठविले. आठवड्याने ते घरी परतले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण पहिल्याच दिवशी मनगटावर बोटे ठेवली असती, तर ते दोन दिवस त्यांना भोगावे लागले नसते.

रानकांद्यातील द्रव्ये हृदयावर डिजॉक्सिनसारखीच क्रिया करतात. खोकल्याच्या औषधांत त्याचा उपयोग पूर्वी होत असे, म्हणजे मामांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते. परंतु डिजॉक्सिनची नेहमीची गोळी पाव मिलिग्रॅमची. तिच्या उपकारक आणि अपायकारक मात्रांत अंतर अगदी थोडे. त्यात चमचाभर रसाची भर म्हणजे किती, हे कोण सांगणार?

ओळखीच्या खुणा मात्र सोप्या आहेत. आपल्या कांद्याची फुले दांड्याच्या टोकाशी गोल गेंदासारखी येतात. रानकांद्याची दांड्यावर खालून वर ओवल्यासारखी असतात. कांद्याची पात पोकळ, याची पाने चपटी, आणि तीही फुले सरल्यावर, पावसात येणारी. सर्वांत खात्रीची खूण वासाची: रानकांद्याला कांद्याचा उग्र दर्प नसतो. रस हाताला लागला तर खाज सुटते. चव घेऊन मात्र कदापि पाहू नये. जुन्या ग्रंथांत कांदा आणि रानकांदा दोघेही लिलीच्या कुळात असत. आता रानकांद्यास शतावरीच्या कुळात बसविले आहे. कुळ बदलले, विष तेच राहिले!

चुकून कोणी खाल्ला असेल, तर उलटी करविण्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. उरलेला कंद आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. डिजॉक्सिन घेणाऱ्यांची नाडी 60 च्या खाली गेल्यास पुढची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

गुरुजींच्या घरचा उरलेला एक कंद मी दवाखान्याच्या पायरीवर कुंडीत लावला. मृगाच्या पावसानंतर त्याला पाने फुटली. गुरुजी आता तपासणीस आले की आधी स्वतःच मनगट पुढे करतात, आणि बाकावरच्या मंडळींना कुंडीतले पान दाखवून विचारतात, "सांगा पाहू, हे काय?" बहुतेकांचे उत्तर असते, "लसूण."