दत्तकविधान

शब्दाचा अर्थ नीट कळल्यावांचून आपण कोणत्याहि कागदावर सही करीत नाहीं, असा माझा कित्येक वर्षांचा समज होता. गेल्या श्रावणांत तो खोटा ठरला, आणि तोहि घरच्याच माणसासमोर.

दोनतीन वर्षांपासून मी आंतरजालावर लिहीत आहें. विषय अगदीं घरगुती : वाचलेलीं पुस्तकें, लिहिण्याचीं पेनें, वाचनाच्या मेजावर लागणाऱ्या लहानसहान वस्तु. वाचक थोडे, पण मायेचे. एके दिवशीं माझा पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही इतक्या वस्तूंची शिफारस फुकट करतां. 'अफिलिएट' कां होत नाहीं?" एका मोठ्या दुकानाच्या संकेतस्थळावर त्यानें माझें नांव नोंदविलें, लांबलचक करारपत्राच्या तळाशीं असलेल्या 'मान्य' या शब्दावर मीं बोट टेकलें, आणि मी अफिलिएट झालों. म्हणजे नेमकें काय झालों, हें मात्र मला ठाऊक नव्हतें.

व्यवस्था तशी साधी आहे. दुकान आपल्याला एक दुवा देतें. त्या दुव्याच्या शेपटाला आपल्या नांवाची खूण जोडलेली असते. वाचकानें त्यावर बोट ठेवलें कीं तो दुकानांत पोंचतो, आणि त्याच्या यंत्रांत एक चिमुकली चिठ्ठी ठेवली जाते. हिला 'कुकी' म्हणतात. खाण्याच्या बिस्किटाशीं तिचें नातें नांवापुरतेंच. १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली या तरुणानें ती योजिली. हें गिऱ्हाईक अमक्यानें धाडलें, असें ही चिठ्ठी दुकानाला सांगते. तिची मुदत कोठें एक दिवसाची, कोठें तीस दिवसांची. तेवढ्यांत खरेदी झाली तर दलाली आपली. मध्यंतरीं तो वाचक दुसऱ्या कोणाच्या दुव्यावरून गेला, तर बहुधा त्या शेवटच्याची. अमेझॉनसारखें दुकान १९९६ पासून ही रीत चालवीत आहे, तेव्हां तिला नवी तरी कसें म्हणावें?

रीत समजली, शब्दांनीं मात्र मला घोळांत घेतलें. पुतण्या म्हणाला, "काका, तुमची 'निश' चांगली आहे." कोश उघडून पाहिला, तर निश म्हणजे भिंतींतला कोनाडा! आमच्या जुन्या घरांत माझी आजी कोनाड्यांत दिवा ठेवीत असे. त्याच शब्दानें व्यापारी लोक बाजाराचा एक लहानसा, राखीव कोपरा दाखवितात. 'इंप्रेशन' म्हणजे मीं मनावर उमटणारा ठसा समजत होतों. येथें दुवा कोणाच्या पडद्यावर एकदां दिसला कीं झालें इंप्रेशन. मनाची साक्ष कोणी काढीत नाहीं. 'कन्व्हर्जन' हा शब्द मीं मिशनऱ्यांच्या संदर्भांत वाचला होता. येथें बघ्याचा गिऱ्हाईक झाला म्हणजे त्याचें कन्व्हर्जन झालें. 'सी.पी.एम.' मधला 'एम' हा रोमन लोकांचा हजाराचा आंकडा निघाला : वस्तु विको न विको, हजार दर्शनांमागें जाहिरातदारानें द्यावयाचा तो दर. आणि माझ्या मायेच्या वाचकांना एकत्रितपणें म्हणतात 'ट्रॅफिक', म्हणजे रहदारी.

राहतां राहिला 'अफिलिएट'. त्याचें मूळ लॅटिन भाषेंत सांपडलें. 'फिलियस' म्हणजे पुत्र, आणि अफिलिएट करणें म्हणजे मुळांत दत्तक घेणें! मला हंसूं आवरेना. पंचावन्नाव्या वर्षीं, ना होम ना हवन, मी एका दुकानाला दत्तक गेलों होतों. दत्तक गेलेल्या मुलाचें गोत्र बदलतें, हें त्या वेळीं मात्र माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

पहिल्या पंधरवड्याचा हिशेब आला. हजार इंप्रेशनें, वीस क्लिक, एक कन्व्हर्जन. म्हणजे पाहणाऱ्या शंभरांतल्या दोघांनीं बोट ठेवलें, आणि बोट ठेवणाऱ्या विसांतल्या एकानें खरेदी केली. वस्तु : वाचनाचा दिवा. किंमत आठशें वीस रुपये, दलाली शेंकडा पांच, माझी कमाई एकेचाळीस रुपये. प्रत्येक क्लिकमागें दोन रुपये पांच पैसे पडले, हेंहि मीं मोठ्या कौतुकानें काढून पाहिलें. खरें सांगायचें तर तो दिवा मीं डोळ्यांनीं पाहिलेला नव्हता. दुकानांतलें वर्णन वाचून आणि लोकांची स्तुति चाळून मीं त्याच्यावर चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या ओळी चांगल्या उतरल्या होत्या.

त्याच आठवड्यांत वाईला आत्याकडे गेलों. आत्या ब्याऐंशी वर्षांची. दुपारचें वाचन अजून चुकवीत नाहीं. पाहतों तों तिच्या मेजावर तोच दिवा! त्याचा उजेड सारखा थरथरत होता. आत्या पुस्तक हातभर लांब धरून एकेक ओळ वाचीत होती.

"तूं लिहिलं होतंस ना, म्हणून सुनेकडून मागवला," ती म्हणाली. "दिवा चांगलाच असणार. माझेच डोळे आतां म्हातारे झाले."

माझ्या कोष्टकांतलें 'एक कन्व्हर्जन' माझ्यासमोर बसलें होतें, आणि माझ्या खोट्या शब्दाचा दोष आपल्या डोळ्यांवर घेत होतें.

मीं खालच्या मानेनें म्हटलें, "आत्या, तो दिवा मीं कधीं वापरला नाहीं. आणि तूं तो घेतलास त्याचे मला एकेचाळीस रुपये मिळाले."

ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग चष्मा पुसत म्हणाली, "अरे, दलालीचं मला वावडं नाहीं. हें घर घेतलं तेंहि दलालाकडूनच. पण तो दलाल म्हणून आला होता, भाचा म्हणून आला नव्हता."

या एका वाक्यांत जें आलें, तें सांगायला सरकारला आणि जाहिरातदारांना बरींच पानें लागलीं आहेत. जाहिरात मानक परिषदेनें २०२१ सालीं, आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जानेवारी २०२३ मध्यें, आंतरजालावरून शिफारशी करणारांसाठीं नियम सांगितले : विकणाराशीं तुमचा पैशाचा संबंध असेल, तर तो सहज दिसेल व समजेल अशा शब्दांत आधीं सांगा. या कबुलीला 'डिस्क्लोजर' म्हणतात. मीं तीहि दिली होती. मात्र पानाच्या अगदीं तळाशीं, बारीक टायपांत आणि इंग्रजींत. ज्या भाषेंत आत्याचा विश्वास मिळविला, त्या भाषेंत मीं ती दिली नव्हती.

दिवा परत करण्याची मुदत अजून सरली नव्हती. त्याच दुपारीं तो बांधून पाठविला, आणि माझ्या मेजावरचा, सहा वर्षें वापरलेला दिवा आत्याला नेऊन दिला. घरीं आल्यावर जुने लेख एकेक करून उघडले. न वापरलेल्या वस्तूंचीं वर्णनें काढून टाकलीं. उरलेल्या प्रत्येक लेखाच्या आरंभींच ठळक मराठींत लिहिलें : "येथल्या दुव्यावरून आपण खरेदी केलीत, तर मला दलाली मिळते."

पुढच्या हिशेबांत क्लिक कमी झालेले दिसले. त्याच कोष्टकांत आणखी एक ओळ होती : परत आलेला माल एक, दलाली उणे एकेचाळीस. पुतण्या हळहळला. मीं मात्र ती ओळ दोनदां वाचली. हल्लीं कोष्टकांत 'एक' हा आंकडा दिसला, कीं दलालीकडे पाहण्यापूर्वीं मी थांबतों. कोणाच्या तरी घरीं, कोणी तरी माझ्या शब्दावर भरंवसा ठेवून एक खोकें उघडीत असेल.