दोन मिलिमीटरचं भोक आणि ड्रिल मशीनचा चक



गेल्या रब्बीत ज्वारीच्या उगवणीचा फोटो मी टाकला नव्हता. टाकण्यासारखी उगवणच नव्हती. मालदांडी ३५-१, दोन एकर, पेरणी न्यूमॅटिक प्लांटरनं. पंधरा सेंटिमीटरला एक रोप पाहिजे होतं. प्रत्यक्षात कुठं जोडी, कुठं तीन, आणि मग हातभर मोकळं. आई बांधावरनं चालत गेली, पहिल्या चार काकऱ्या बघितल्या आणि एवढंच म्हणाली, “तुझ्या बापाची मूठ बरी होती की रं.”

वडील तिफणीच्या चाड्यावर मूठ धरायचे, काका बैल हाकायचे. त्या पेरणीत विरळणी करावी लागायची, पण असा गोंधळ कधी नव्हता. मी लाखाचं यंत्र आणून विरळणीला बायका लावल्या, वर नांग्या भरल्या ते वेगळंच.

दोष प्लांटरचा नव्हता. दोष मी घरी केलेल्या प्लेटचा होता. प्लांटरबरोबर मक्याची प्लेट आली होती. ज्वारीची वेळेवर मिळेना, म्हणून स्टीलची गोल चकती कापून आणली आणि भोकं घरच्या मिलिंग मशीनवर पाडली. लेझरवर भोकंही पाडून मिळतात, माहीत आहे मला. पण आपल्या बियाण्याला १.८ चालेल, २ चालेल का २.२, हे चालवून बघितल्याशिवाय कळत नाही. दर वेळी शहर गाठायचं म्हणजे दिवस जातो.

ह्या प्लेटचं काम साधं आहे. पंखा हवा ओढतो, भोकावर दाणा चिकटतो, प्लेट फिरून खाली आली की हवा तुटते आणि दाणा सरीत पडतो. भोक मोठं झालं की दोन दाणे चिकटतात, नाहीतर फुटका दाणा आत अडकून बसतो. दोन मिलिमीटरचं भोक २.२ झालं तर आपल्याला वाटतं दोन शतांश-वीस शतांश काय ते. पण क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं आणि हवेची ओढही त्याच हिशेबानं वाढते. मी बिट दोनचंच लावलं होतं. भोकं मोजली तेव्हा काही २.०५, काही २.२५, आणि जागेवरनं सरकलेली ती निराळीच.

मशीन माझं छोटं आहे, भोसरीतल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून आणलेलं. सिंगल फेजवर चालतं, म्हणून घराच्या शेडमध्ये ठेवता आलं. थ्री फेजच्या पाळीवर बसलो असतो तर रात्री दोन वाजता मिलिंग करावं लागलं असतं. स्पिंडलला एमटी-३ टेपर, वरून एम-१२ चा ड्रॉबार. सोबत चावीचा १३ मिमी चक आला होता, जबडे झिजलेले. त्यात बिट धरून मशीन चालू केलं की नुसत्या डोळ्यांना टोक डोलताना दिसायचं. डायल लावला तर सुई पंचवीस शतांश हलली. म्हणजे पाव मिलिमीटर! दहाचं बिट असतं तर एवढं जाणवलंही नसतं. दोनच्या बिटाला पाव मिलिमीटर म्हणजे टोक पत्र्यावर टेकतं तेव्हाच भटकतं, मग वाकतं, आणि भोक त्याला वाटेल तिथं पडतं.

मग मी पहिली चूक केली. मोठा तो चांगला, असं समजून ऑनलाइन १६ मिमीचा बिनचावीचा चक मागवला. जाहिरातीत पाच शतांशाच्या आत लिहिलेलं. बसवला, डायल लावला, एकोणीस शतांश. शिवाय हा चक इतका लांब की व्हाइसवर जॉब ठेवून त्यात लांब बिट लावलं की हेड वर न्यायला जागाच उरेना. छोट्या मशीनला उंची ही पाण्यासारखी असते, आधीच कमी. विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, तुमचं मशीन तपासा. मी त्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही.

आमच्या गावात एक तात्या आहेत, तीस-पस्तीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होते, आता डाळिंब करतात. त्यांना बोलावलं. चहा घेता घेता म्हणाले, “चक राहू दे बाजूला. आधी वरनं सुरू कर.”

वरनं म्हणजे काय, तर आधी स्पिंडलच्या आतल्या टेपरला डायल लावला. एक शतांश. उत्तम. मग आर्बर बसवला, चक न लावता, आणि आर्बरच्या नाकावर डायल. अकरा शतांश! म्हणजे दोन्ही चक ज्याच्यावर बसवले तो आर्बरच वाकडा बसत होता. काढून त्यावरनं नख फिरवलं तर टेपरवर एक बारीक उंचवटा लागला. कधीतरी माझ्याच हातनं खाली पडला असणार. स्पिंडलच्या आत जुन्या ग्रीसचा पिवळा थर होता, त्यात लोखंडाचा बारीक कीस रुतलेला. तात्यांनी उंचवटा तेवढाच हलक्या हातानं ऑइलस्टोननं उतरवला, आतून थिनरच्या फडक्यानं पुसलं. परत बसवला. दीड शतांश. तोच १६ चा चक आता नऊ शतांश दाखवू लागला. विकणाऱ्यानं लिहिलेले पाच शतांश तरी नाहीतच, पण माझ्या शिव्यांतल्या निम्म्या मलाच लागू होत्या.

चक तपासताना बिटावर डायल लावू नका. बिटाचा दांडा कधीच तेवढा सरळ नसतो. बेअरिंगच्या दुकानात ग्राइंड केलेली डॉवेल पिन मिळते, सहा आणि दहा मिमीच्या दोन आणा, किरकोळ पैशात येतात. ती चकमध्ये धरून जबड्याजवळ एकदा आणि खाली एकदा मोजा. पिन सोडून, फिरवून, परत धरा आणि मोजा, तीनदा तरी. प्रत्येक वेळी आकडा वेगळा आला तर जबडे धड धरत नाहीत. आर्बर स्पिंडलमध्ये अर्धा फेरा फिरवून बसवला आणि उंच बाजू आर्बरबरोबर फिरली, तर दोष आर्बरचा किंवा चकचा. स्पिंडलच्याच खुणेवर राहिली तर दोष मशीनचा. एवढं केलं की कुणाशी भांडायचं ते नक्की होतं.

दुसरी गोष्ट चकच्या मागच्या टेपरची. बी-१२, बी-१६, बी-१८, जेटी-६, जेटी-३३ असं त्यावर कोरलेलं असतं. ते वाचल्याशिवाय आर्बर घेऊ नका. बी-१६ चा मोठा व्यास १५.७३ मिमी आणि जेटी-३३ चा १५.८५ च्या आसपास. हातात घेतले तर जुळे भाऊ. पण उतार वेगळा आहे. एकात दुसरा घातला तर बसल्यासारखा वाटतो, आणि धरतो फक्त एका कडेला. शंका आली तर आर्बरवर मार्करनं उभ्या रेघा मारा, चक बसवा, थोडा फिरवून काढा. सगळ्या लांबीभर रेघ पुसली गेली तर जोडी बरोबर. बसवताना दोन्ही बाजू कोरड्या पुसायच्या, तेल नाही, जबडे पूर्ण आत घ्यायचे आणि लाकडी ठोकळ्यावर एक सरळ ठोका. आणि मिलिंगला आर्बर घेताना मागं ड्रॉबारचा आटा असलेलाच घ्या. चपट्या शेपटीचा आर्बर ड्रिल मशीनचा असतो. आपल्या स्पिंडलला तो बाहेर काढायची खाच नसली तर अडकून बसेल.

चावीचा घ्यायचा का बिनचावीचा, हे मला बरेच जण विचारतात. चावीचा चक अमेरिकेत आर्थर जेकब्जनं १९०२ साली पेटंट केला, अजून जगभर तोच चालतो. बिनचावीचा अचूक चक जर्मनीच्या आल्ब्रेख्टनं १९३२ मध्ये आणला. बिनचावीचा बिटावर जोर येईल तसा स्वतःच आवळत जातो. बारीक बिटाला हे सोयीचं, पण मोठं बिट स्टीलमध्ये जोरात घातलं की असा आवळतो की हुकचा पाना लागतो. आणि उलटं फिरवलं की सैल होतो. म्हणून मशीननं टॅप मारणाऱ्यानं चावीचाच ठेवावा.

माझं म्हणाल तर मी शेवटी मुंबईला नागदेवी स्ट्रीटला गेलो, पिन आणि डायल पिशवीत घेऊन. आल्ब्रेख्ट हातात घेतला, किंमत ऐकली आणि अलगद खाली ठेवला. तेवढ्यात दारात शेळ्या बांधता आल्या असत्या. घेतला तो १ ते १० मिमीचा बिनचावीचा, बी-१२ टेपरचा, मधल्या किमतीचा. सोबत नवीन आर्बर. दुकानदारानं समोर मोजू दिलं, म्हणून त्याच्याकडूनच घेतला. घरी बसवून चार शतांश. उंचीही १६ च्या मानानं तीनेक सेंटिमीटर वाचली. १३ चा जुना चावीवाला मोठ्या भोकांना आणि टॅपला ठेवलाय. १६ चा घेऊन चूक केली, तो आता ट्रॅक्टरच्या शेडमधल्या उभ्या ड्रिलला लावणार आहे.

कोलेट का नाही, असं म्हणाल. ज्याच्याकडे चांगले कोलेट आहेत त्यानं प्लेटसाठी तेच वापरावेत, दोन शतांशात काम होतं. पण माझ्याकडे दिवसभर कुणी साडेआठचं भोक घेऊन येतो, कुणी पाच सुताचं. प्रत्येकाला कोलेट बदलत बसलो तर पाणी कोण धरणार? एवढं मात्र खरं की मिलिंग कटर ड्रिलच्या चकमध्ये कधी लावायचा नाही. आडव्या जोरानं टेपर सुटतो. मी एकदा लावला होता. चक खाली पडून गरगरत व्हाइसवर आपटला, आणि मी दाराबाहेर होतो.

जुनी बिटंही निम्मी टाकून दिली. जुन्या चकमध्ये फिरून ज्यांच्या दांड्याला चरे पडलेत ती नव्या चकचे जबडेही खराब करतात.

नवी प्लेट गेल्या आठवड्यात केली. दोन लाकडी फळ्यांत चकती घट्ट दाबली, कारण पातळ पत्र्यात भोक तिकोनी पडतं. फिरत्या टेबलावर एक पूर्ण फेरी आखूड सेंटर ड्रिलनं, दुसरी फेरी दोनच्या बिटानं. नंतर कडा हातानं साफ केल्या. सगळ्या भोकांतनं २ ची पिन सरकली, २.१ ची एकातही गेली नाही. ट्रॅक्टर जागेवर उभा करून पीटीओ लावला आणि प्लांटरचं चाक हातानं फिरवलं. तीन फेऱ्यांत दोन जोड्या आणि एक रिकामं. जोड्या झाडणाऱ्या पट्टीनं अजून कमी होतील.

उत्तरेचा पाऊस झालाय, अजून वाफसा नाही. आईला प्लेट दाखवली तर तिनं उजेडाकडे धरून भोकांतनं बघितलं आणि म्हणाली, “पहिली काकरी घराकडनं धर. मला हितनं दिसली पाहिजे.”