पॅनोरमाची कळ

सगळेच एका चौकटीत बसवायचा माणसाला मोठा सोस असतो. निदान मला तरी होता.

१९९६ साली मी हैदराबादेत बी. एस्सी.ला होतो. उदगीरहून आजोबा आमच्याकडे आले. जन्म निजामाच्या राज्यातला, पण गोवळकोंडा पाहिलेला नव्हता. मधे चार ठिकाणी बसत ते बालाहिसारपर्यंत चढले. वर पोचल्यावर डोक्यावरचा पांढरा पटका नीट केला आणि म्हणाले, "घे आता फोटो."

मामांकडून मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर 'पॅनोरमा' असे लिहिलेली एक कळ होती. ती सरकवली की डावी-उजवीकडचे अधिक दिसते, अशी माझी पक्की समजूत. कळ सरकवली, फोटो काढला.

प्रिंट हातात आली तेव्हा धक्काच बसला. लांबच लांब कागद, दोन्हीकडे तटबंदी, आणि मधे कपाळापाशी कापलेले आजोबा. पटका गायब! मी तडक कोठीतल्या स्टुडिओत भांडायला गेलो. त्या भल्या माणसाने निगेटिव्ह उजेडात धरून दाखवली. चित्राच्या वर आणि खाली नुसत्या कोऱ्या पट्ट्या. "फिल्म पे इच नहीं है, तो कां से लाऊँ?"

मग त्यानेच समजावले. फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद, २४ मिलिमीटर उंच. कळ सरकवली की फिल्मच्या पुढ्यात वर-खाली पट्ट्या येतात आणि सुमारे १३ मिलिमीटर उंचीचीच जागा उघडी राहते. भिंग तेच, त्याची नजरही तेवढीच. रुंदी तसूभर वाढत नाही. उंची मात्र जवळजवळ निम्म्यावर येते. ती चिंचोळी पट्टी लांबट कागदावर मोठी करून छापतात, एवढेच. बघायच्या खिडकीत त्यासाठी रेघा आखलेल्या होत्या; मी त्यांच्याकडे पाहिलेच नव्हते. ज्या शहरात राजा दीनदयाळांनी सहाव्या निजामाच्या दरबाराची चित्रे काचांवर घेतली, तिथे माझी ही कलाकुसर!

पुढच्याच वर्षी आजोबा गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधताना आजीने ती प्रिंट पाहिली आणि बाजूला ठेवली. "ह्यांना असं उघड्या डोक्यानं कुणी पाहिलं नाही रे." शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा मोठा करून घेतला. तो जरा धूसरच आला.

खरे विस्तीर्ण चित्र घ्यायचे तर वाइडलक्ससारखा कॅमेरा लागतो. त्यात भिंगच फिरते आणि वाकवलेल्या फिल्मवर चित्र उमटत जाते. नाहीतर जुना मार्ग : कॅमेरा थोडा थोडा फिरवत, कडा एकमेकींवर येतील अशी चित्रे घ्यायची आणि जोडायची.

पदवीनंतर मी तसा एकदा बालाहिसारवर गेलो. तीन चित्रे घेतली, घरी आणून जोडली. कुतुबशाही मकबऱ्यांपासून शहरापर्यंत सगळे आले. आजोबा उभे होते ती जागाही आली.