पक्षनिष्ठेची परिभाषा

मंठा-परतूरचा परिसर सप्टेंबर 1948पर्यंत निजामी राजवटीत होता. सरकारी परवानगीवाचून सभा घेऊ नये, असे बजावणारी ‘गश्ती निशाण 53’ मराठवाड्याच्या स्मरणात आहे. 1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, आणि सभास्वातंत्र्याची मागणी व काँग्रेस लोकमानसात एकरूप झाली. पुढची गुंतागुंत इथूनच सुरू होते. 25 जून 1975 रोजी काँग्रेस सरकारनेच आणीबाणी आणली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसवला, ‘मिसा’खाली माणसे विनाचौकशी डांबली, तेव्हा या निष्ठेला स्वतःचाच इतिहास आठवेना. निजामाचा हुकूम दमन ठरला होता. स्वकीयांचा मात्र ‘अनुशासनपर्व’! विनोबांचा हा शब्द सत्तेने तत्परतेने उचलला. नामांतराने कृतीचा अर्थ पालटतो, हे समीक्षेला नवे नाही; येथे त्याची किंमत बंदिवानांनी मोजली.

त्याच वर्षीच्या कऱ्हाड साहित्य संमेलनाचे स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. अध्यक्षा दुर्गा भागवत. दुर्गाबाईंनी जयप्रकाशांच्या स्वास्थ्यासाठी तेथे जाहीर प्रार्थना केली. 1976 साली त्यांना अटक झाली. त्यांचे धैर्य पुष्कळांनी गायिले आहे. अधिक अवघड प्रश्न चव्हाणांचा आहे. ते ग्रंथप्रेमी, लेखकांचे स्नेही. तरीही त्या मंत्रिमंडळात राहिले. 1978च्या फुटीत ते इंदिरा गांधींपासून दूर झाले, पुढे परतलेही. या येरझारीमागचे मन त्यांच्या आत्मचरित्रात शोधावे, तर 1984चे ‘कृष्णाकाठ’ 1946पाशीच थांबते.