पड्या रे, पड्या!

आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत क्रिकेटचे चाहते आहेत, कुस्तीचे आहेत, मालिकांतल्या सुनांसाठी डोळे पुसणारेही आहेत. आम्ही ज्या कार्यक्रमाचे चाहते आहोत त्याचं नाव घेतलं, की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "तो? माणसं धबाधब पाण्यात पडतात तो?" होय, तोच. 'ताकेशीज कॅसल'. पस्तिशी जवळ आली, बी.एड. झालं, रोज मुलांना उर्दू शिकवतो, तरी तो कार्यक्रम कुठे दिसला की आमची पावलं थांबतात. पूर्वी ही आवड लपवावीशी वाटायची. आता वाटत नाही. का, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहोत.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कार्यक्रम मूळचा जपानी. १९८६ ते १९९० या काळात तो तिथल्या टीबीएस वाहिनीवर चालला. ताकेशी किटानो हा तिथला गाजलेला विनोदी कलाकार. पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव जगभर झालं. इथे तो किल्ल्याचा मालक. जनरल तानी नावाचा सेनापती शंभरएक साध्या माणसांची फौज घेऊन हा किल्ला जिंकायला निघतो. दुकानदार, कारकून, कॉलेजची पोरं, घरकाम सोडून आलेल्या बायका अशी ती फौज. वाटेत अडथळेच अडथळे. तळ्यातल्या दगडांवरून पळत पलीकडे जायचं. त्यातले काही दगड पक्के, काही नुसते तरंगणारे. कुठला कसला, ते पाय ठेवल्यावरच कळतं. पुढे भिंती, भिंतींत दारं. काही दारं कागदाची, काही पक्की. धावत जाऊन अंग झोकायचं. झुलत्या पुलावरून चेंडू हातात धरून जायचं आणि समोरून तोफेचे गोळे यावेत तसे चेंडू येत राहतात. शेवटी किल्ल्यापाशी चार-दोन माणसं उरतात आणि तीही बहुतेक वेळा हरतात. बक्षीस दहा लाख येनचं. पण एवढ्या वर्षांत ते मिळवणारे अगदी मोजके. म्हणजे हा कार्यक्रम जिंकणाऱ्यांचा नव्हेच. तो पडणाऱ्यांचा.

आपल्याकडे २००४ साली पोगो वाहिनी सुरू झाली आणि पुढे तिच्यावर हा कार्यक्रम आला. सोबत आवाज आला जावेद जाफरी यांचा. पडद्यावर जपानी माणूस चिखलात लोळतोय आणि हे त्याला आपल्याकडचं नाव देऊन, गाव देऊन, त्याच्या बायकोच्या तक्रारीही सांगून मोकळे! 'शोले'तल्या सूरमा भोपालीचा, म्हणजे जगदीप यांचा हा मुलगा. जगदीप २०२० साली गेले. बापाने भोपाळी बोलीवर देशाला हसवलं. लेकाने मुंबईच्या रस्त्यापासून लखनौच्या मुशायऱ्यापर्यंत सगळ्या बोली एका श्वासात आणल्या. मस्करी कितीही उंडगी असो, शीन-काफ दुरुस्त. आज वर्गात एखादं पोरगं 'खयाल'मधला 'ख' घशातून काढत नाही तेव्हा आम्हाला आमचे उस्ताद आठवतात, आणि खोटं कशाला बोला, हा आवाजही आठवतो.

पलूसला आमचं घर पत्र्याचं. अब्बा मोटार रिवायंडिंग करायचे. उसाच्या आणि द्राक्षाच्या पट्ट्यात विहिरीवरची मोटार जळणं ही रोजची गोष्ट. व्होल्टेज कमी-जास्त झालं की मोटार बैलगाडीत किंवा टेम्पोत घालून शेतकरी दारात हजर. त्या वर्षांत भारनियमन भयंकर होतं. दिवसातले दहा-दहा तास वीज नसायची. जनरल तानींची फौज पुलापर्यंत पोचावी आणि टीव्ही बंद व्हावा, हे आमच्या घरी किती वेळा घडलं याची गणती नाही. मग पुढे काय झालं असेल यावर भाईजान आणि आम्ही रात्री अंधारात पैजा लावायचो. भाईजान आमच्याहून दोन वर्षांनी मोठा. जाफरींची नक्कल तो अशी करायचा, की वीज नसतानाही कार्यक्रम चालूच राहायचा. कुणी पडलं की आमची घरगुती आरोळी ठरलेली, "पड्या रे, पड्या!"

घरात विरोध फक्त दादीचा. टीव्हीकडे पाठ करून ती तसबीह ओढत बसायची. "दुसरे के गिरने पे नै हसना. गुना लगता," असं दर पाच मिनिटांनी म्हणायची. कुणी कुणाची खिल्ली उडवू नये, कुणाला वाईट नावं ठेवू नयेत, हे अल्लाहने कुराणात बजावलं आहे, हे तिला नीट ठाऊक होतं. आणि इथे तर दोन्ही चाललेलं, खिल्ली आणि नावं ठेवणं! आमच्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं. आम्ही आवाज कमी करायचो. मग थोड्या वेळाने दादीची पाठ हलायला लागायची. ती हसत असायची, पण आमच्याकडे तोंड करून कधीच नाही.

२००६ च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. भाईजान नापास. गणित आणि इंग्रजी. निकाल नेट कॅफेवर कळला आणि भाईजान तिथून घरी आलाच नाही. संध्याकाळी स्टेशनच्या रस्त्यावरून त्याला एका ओळखीच्या माणसाने सायकलवर बसवून आणलं. त्या वेळी आम्हाला त्यात विशेष काही वाटलं नाही. स्टेशनच्या रस्त्यावर तो कशाला गेला असेल, हा विचार पुष्कळ वर्षांनी मनात आला आणि त्या रात्री झोप लागली नाही. त्याला आम्ही ते आजवर विचारलेलं नाही.

अब्बा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते बोलेनासे झाले. दस्तरखानावर भाईजान बसला की अब्बांची भूक संपायची. नातेवाईक यायचे, चहा प्यायचे, "अब क्या करना इसका?" असं त्याच्यासमोरच विचारायचे. मोहल्ल्यात त्याचं नाव राहिलं नाही. "ते रिवायंडिंगवाल्याचं नापास पोरगं" एवढीच त्याची ओळख. भाईजान भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जाफरींची नक्कल बंद. आम्ही टीव्ही लावायचो तो एकट्याने बघायला, आणि हसू यायचं नाही.

असे आठ-दहा दिवस गेले. एका दुपारी अब्बा जेवायला घरी आले होते, वीज होती, आणि कार्यक्रम लागला होता. चष्मा लावलेला, कारकुनासारखा दिसणारा एक किडकिडीत माणूस दगडांच्या तळ्यापाशी उभा राहिला. त्याने कॅमेऱ्याकडे वाकून नमस्कार केला, पहिल्या दगडावर पाय ठेवला आणि तो दगडच पाण्यात गेला. पहिलाच दगड! अब्बांच्या तोंडात घास होता. ते हसले. असे हसले की ठसका लागला. आणि मग त्यांना दिसलं, की भिंतीकडे तोंड केलेला भाईजान मान वळवून त्यांच्याकडे बघतो आहे.

अब्बांनी पाणी प्यायलं. पडद्यावर तो माणूस निथळत बाहेर आला होता. चष्मा शोधत होता आणि हसत होता.

"दुबारा मौका देते क्या रे इसको?" अब्बांनी विचारलं. दहा दिवसांतलं भाईजानशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"नै अब्बा. एकीच बार."

अब्बा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हमारे इदर तो अक्टूबर में देते."

एवढंच. गळ्यात गळा घालून रडणं वगैरे काही झालं नाही. अब्बा उठून दुकानात गेले. पण रात्री दस्तरखानावर ते पोटभर जेवले आणि दुसऱ्या दिवशी भाईजानने गणिताचं पुस्तक काढलं. ऑक्टोबरला त्याचं इंग्रजी सुटलं, गणित पुढच्या मार्चला. फार मोठा माणूस वगैरे तो झाला नाही. अब्बांच्या पश्चात दुकान तोच चालवतो आणि जळालेल्या मोटारी पुन्हा फिरवतो.

दादीच्या म्हणण्याचं उत्तर आम्हाला त्या दुपारी मिळालं असावं, पण ते शब्दांत यायला बी.एड. होऊन वर्गात उभं राहावं लागलं. हसण्या-हसण्यात फरक असतो. भाईजानला मोहल्ल्याने दिलेल्या नावात त्याचं पडणं तेवढं शिल्लक होतं, माणूस उरला नव्हता. जाफरी पडणाऱ्याला नाव द्यायचे, गाव द्यायचे, बायको-पोरं द्यायचे. पडण्याआधी त्याला आमच्या गल्लीतला एक माणूस करून टाकायचे. मग जो पडायचा तो आमच्यातलाच असायचा. आणि पडलेला माणूसही निथळत उठून हसायचा. त्या मिदोरियामाच्या आवारात, जिथे हा किल्ला होता, तिथेच १९९८ पासून 'सासुके' नावाची दुसरी स्पर्धा होते. तिच्यावरूनच २००९ साली 'अमेरिकन निन्जा वॉरियर' निघाली. तीही आम्ही बघतो, तोंडात बोट घालून बघतो. पण तिथे बहुतेक कसलेली, पिळदार शरीराची माणसं. तिथे कौतुक वाटतं. जीव लागतो तो चष्मा शोधणाऱ्या कारकुनावर.

म्हणून आमच्या वर्गात एक नियम आहे. कुणाला 'ढ' म्हणायचं नाही. चुकलं तर हसायला परवानगी आहे, पण चुकणाऱ्याने आधी हसलं तरच.

पडण्याची पाळी आमच्यावरही आली. शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी. १५० पैकी ९० लागतात. पहिल्या खेपेला ७९, दुसऱ्या खेपेला ८६. चार गुण! घरी सगळे इतके जपून बोलू लागले की आमचा जीव गुदमरला. तेव्हा भाईजानचा दुकानातून फोन आला. मागे लेथ चालल्याचा आवाज. हॅलो नाही, सलाम नाही, जाफरींच्या आवाजात एवढंच, "पड्या रे, पड्या!" आम्ही रस्त्यात उभं राहून इतकं हसलो, की बाजूची माणसं बघायला लागली. तिसऱ्या खेपेला आम्ही पास झालो.

आता आम्ही किर्लोस्करवाडीहून मिरजेला रेल्वेने जाऊन-येऊन नोकरी करतो. सोबत भिलवडीला चढणाऱ्या एक आपा असतात. त्या दुसऱ्या शाळेत, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत आहेत. तेवीस वर्षांची नोकरी. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी लागेल. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. आपांची शाळा त्यात बसत नाही. त्या दिवसापासून आपांच्या पर्समध्ये बालमानसशास्त्राचं पुस्तक आलं. नांद्रे येईपर्यंत त्या वाचतात, सांगली आली की मिटून ठेवतात. एकदा खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझ्याच हाताखाली शिकलेली पोरं माझ्या शेजारच्या बाकावर बसून पेपर देतील. मी पडले तर त्यांना तोंड कसं दाखवू?"

आम्हाला त्यांना उपदेश करता आला नाही. पुढच्या रविवारी त्यांना पलूसला जेवायला बोलावलं.

भाईजानची मुलं आता हा कार्यक्रम मोबाईलवर बघतात. २०२३ साली त्याची नवी आवृत्ती आली. तिला हिंदी आवाज भुवन बाम यांचा. मुलांना तीच आवडते. आम्हाला ती उसनी वाटते. वय झालं, दुसरं काय. त्यावरून घरात वाद होतो आणि शेवटी जुना भाग लागतो. त्या रविवारी तसाच लागला. आपा दादीसारख्याच जरा तिरक्या बसल्या, पुस्तकाची पर्स मांडीवर घेऊन. पडद्यावर पदराएवढा मोठा रुमाल गळ्यात बांधलेली एक प्रौढ बाई तळ्यापाशी आली. एक दगड, दोन दगड, तीन. घरात सगळे श्वास रोखून. चौथा दगड तरंगणारा निघाला.

आम्ही कुणीच ओरडलो नाही. पाहुण्यांसमोर कसं ओरडायचं? बाई पाण्यातून वर आली, तिने तोंडावरचं पाणी पुसलं आणि दोन्ही हात वर करून हसली.

"तीन दगड तर पार केले की हिने," आपा म्हणाल्या. मग पर्स बाजूला ठेवून भाईजानच्या धाकट्याला विचारलं, "काय ओरडता रे तुम्ही, कुणी पडलं की?"

त्याने सांगितलं. आपांची परीक्षा अजून व्हायची आहे.