तांबडा दिवा

मोठ्या अंधाराची माणसाला भीती वाटते. लहान अंधाराची मात्र त्याला सवय होते. जिन्यातला दिवा गेला की पहिले दोन दिवस आपण चडफडतो. तिसऱ्या दिवसापासून पाय आपोआप पायऱ्या मोजू लागतात. आमच्या मोटारीच्या डॅशबोर्डाचे असेच झाले होते.

मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट म्हणून आणि 1974 पासून पद्मिनी या नावाने निघालेली ही गाडी 2001 च्या सुमारास बनायची थांबली. वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतूनही तिने निरोप घेतला. आमची मात्र अजून पुण्यात आहे आणि वर्षातून दोनतीनदा साताऱ्याला आईकडे जाऊन येते.

अशाच एका खेपेस रात्री खंबाटकीचा घाट चढत होतो. डॅशबोर्डावर मिट्ट काळोख! वेग किती, पेट्रोल किती, पाणी किती तापले, काही म्हणता काही दिसेना. सौभाग्यवतींनी मोबाइलची बॅटरी काट्यावर धरली आणि ज्योतिषाने कुंडली पाहावी तशी त्या दर पाच मिनिटांनी आमचे भविष्य पाहू लागल्या. साताऱ्यात शिरताच त्यांनी जाहीर केले, “अहो, हे दिवे लागल्याखेरीज मी रात्रीची या गाडीत बसायची नाही.”

पुण्याला परतल्यावर मी नाना पेठेतले एक सुट्या भागांचे दुकान गाठले. मला वाटले होते, बल्ब म्हणजे बल्ब. पैसे टाकले की काम झाले. पण दुकानदार जुना जाणता गृहस्थ निघाला.

“काका, काट्यांमागे हवे तर एलईडी लावा. पेटला नाही तर उलटा करून बसवा. त्याला वीज एकाच दिशेने चालते. पण तुमच्या गाडीला डायनामो काढून अल्टरनेटर बसवलाय ना? मग चार्जिंगच्या दिव्याला साधाच बल्ब ठेवा.”

कारण विचारले तेव्हा कळले की, तो दिवा नुसता सूचना देत नाही. त्याच्या तारेतून जाणारी थोडी वीजच अल्टरनेटरला जागे करते. एलईडीतून तेवढी वीज जात नाही. मग गाडी सुरू होऊनही बॅटरी भरेलच असे नाही. एवढासा दिवा, पण त्याच्या भरवशावर केवढे यंत्र! मी मुकाट्याने सगळेच साधे बल्ब घेतले.

रविवारी सकाळी कामाला लागलो. प्रथम बॅटरीची अर्थची तार सोडवली. कारण डॅशबोर्डामागे तारांचे जे जाळे असते, त्यात पान्याचा एक स्पर्शही पुरतो. मग मीटर ढिले करून मागची केबल काढली. कन्या स्टीलची वाटी घेऊन शेजारी बसली होती. निघेल तो स्क्रू वाटीत. होल्डर उपसून बल्ब बाहेर काढले, तर एकेकाची काच आतून काजळलेली. बल्बातली टंगस्टनची तार तापून तापून झिजते आणि तिचीच वाफ काचेवर बसते. कंदिलाच्या काचेवर काजळी धरावी तशी!

काट्यांमागचे बल्ब गेलेले होते, यात नवल नव्हते. नवल पुढेच होते. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवाही काढून पाहिला, तर त्याचीही तार तुटलेली!

मी हातातला बल्ब तसाच धरून बसलो. काट्यांमागचे दिवे विझले, ते अंधार करून. या दिव्याची रीत उलटी. इंजिनातला तेलाचा दाब गेला तरच त्याने पेटायचे. सगळे ठीक असेल तेव्हा विझलेले राहायचे. म्हणजे तो मेला काय आणि गाडी ठणठणीत असली काय, दिसायला दोन्ही सारखेच. तेल न मिळता इंजिन काही मिनिटे चालले तरी आतली बेअरिंगे जळतात. खंबाटकीत तसे झाले असते, तर डॅशबोर्ड शेवटपर्यंत शांतच दिसला असता.

गाडी करणाऱ्यांनी मात्र याची तजवीज करून ठेवली आहे. किल्ली फिरवली, पण इंजिन अजून चालू केले नाही, की हे तांबडे दिवे पेटले पाहिजेत. ती त्यांची हजेरी! मग इंजिन सुरू होताच त्यांनी विझायचे. सगळे जोडून मी किल्ली फिरवली. दोन्ही तांबडे दिवे लागले, इंजिन सुरू होताच विझले, आणि कन्येने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी चहा घेताना सौभाग्यवती सहज म्हणाल्या, “आई हल्ली गुडघ्याचं काहीच बोलत नाहीत, नाही?” महिनाभरापूर्वी हे वाक्य ऐकून मला बरे वाटले असते. त्या दिवशी वाटले नाही.

पुढच्याच आठवड्यात साताऱ्याला गेलो. ‘बरी आहेस ना?’ असे विचारले असते, तर ‘बरी आहे’ एवढेच उत्तर आले असते. म्हणून मी म्हटले, “आई, चल, गच्चीतून अजिंक्यतारा बघू.” ती जिन्यापाशी आली, कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “तूच बघून ये.” गच्चीतल्या तुळशीला पावसाळ्यापासून शेजारच्या सूनबाई पाणी घालत होत्या. आई म्हणाली, “तुम्ही कामातली माणसं. रोज रोज काय तेच सांगायचं?”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. औषध सुरू झाले, रोजचा व्यायाम ठरला आणि तुळस खाली अंगणात आली.

आता दर रविवारी आईचा फोन येतो. पहिली पाच मिनिटे गुडघा, मग कंबर, मग व्यायाम शिकवणारी मुलगी किती कडक आहे याचे वर्णन. सौभाग्यवती मला खुणेने विचारतात, “काय म्हणताहेत?” मी फोनवर हात ठेवून हळूच सांगतो, “तक्रार करते आहे. सगळे ठीक आहे!”